भिंतीवरचा थिरथिरा

कानपेटीनं पहिल्याच निकालात आनंदविहार कॉलनीची इज्जत घालवली.

त्याआधी सगळं छान चाललं होतं. दर जानेवारीत, थंडी ऐन भरात असताना, चार दिवस परसातली पक्षीगणना व्हायची. सक्ती कुणाची नव्हती. सकाळी स्वेटर चढवायचा, चहाचा कप घेऊन मागच्या ओट्यावर बसायचं आणि पाव तास जे दिसेल ते मोबाइलवर टाकायचं. नियम एकच. एका वेळी जास्तीत जास्त जितके दिसले तितकेच लिहायचे; तोच बुलबुल तीनदा आला म्हणून तीन बुलबुल होत नाहीत. आणि लोक हा नियम पाळायचे! वऱ्हाडातल्या त्या शहरात सिग्नल कुणी पाळत नव्हतं, पण बुलबुलाच्या बाबतीत माणसं इमानदार होती.

तरी बेरीज खोटी निघाली. कारण बुलबुल एकाच घरी जेवत नाही. तो एका परसात पपई खातो, दुसऱ्यात आंघोळ करतो, तिसऱ्यात तारेवर बसून पंख सुकवतो. प्रत्येक घरानं इमानदारीनं 'दोन' लिहिले, कॉम्प्युटरनं सगळे दोन-दोन जोडले आणि कॉलनीत बुलबुलांची मोठी वस्ती उभी राहिली. शहर 'पक्षिसंपन्न' म्हणून गाजलं. चौकाचौकात नगरसेवकांच्या फोटोंचे बॅनर लागले. एकाही बॅनरवर पक्षी नव्हता.

मग विद्यापीठाच्या पोरांनी कॉलनीत कानपेट्या बसवल्या.

कानपेटी म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी करडी पेटी, तिला चार कान. एकच आवाज चारही कानांवर एकदम पोचत नाही, केसभर मागेपुढे पोचतो. त्या मागेपुढेवरून पक्षी कुठल्या फांदीवर बसलाय हे पेटीला कळतं. पण खरी करामत पुढची. माणसाचा आवाज गळ्यात तयार होतो. पक्ष्याचा छातीत, जिथं श्वासनळीचे दोन फाटे होतात तिथं. दोन्ही फाट्यांना आपापले पडदे, आणि पक्षी दोन्ही वेगवेगळे वाजवू शकतो. आता कुठल्याच पक्ष्याच्या या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. एक जरा जाड, एक जरा सैल. आपल्या कानाला हा फरक कळत नाही, पेटीला कळतो. अंगठ्याचा ठसा तसा हा स्वराचा ठसा. आपल्याला सगळे बुलबुल सारखे. पेटीला त्यातला एक नाकात बोलणारा आणि दुसरा घसा बसलेला. कुठला पक्षी कुठून निघाला, कुठं थांबला, हे पेट्या आपसात जुळवतात आणि त्याच्या दिवसाचा एक रंगीत धागा नकाशावर काढून देतात. गप्प बसलेला पक्षी मात्र पेटीच्या लेखी नसतोच. म्हणून डोळेवाली माणसं अजून लागत होती.

माणसांचं बोलणं पेटी जागच्या जागी पुसून टाकते, असं पोरांनी शपथेवर सांगितलं होतं. तरी बायका बरेच दिवस परसात कुजबुजतच बोलल्या.

वर्षभर पेट्यांनी ऐकलं आणि संक्रांतीच्या आधीच्या रविवारी खेरडे साहेबांच्या गच्चीवर निकाल लागला. खेरडे म्हणजे निवृत्त अभियंता, कॉलनीच्या पक्षिमंडळाचे अध्यक्ष, हातभर लांब नळीच्या कॅमेऱ्याचे मालक. निकाल सांगायला विद्यापीठाची शर्वरी टेकाडे आली होती, पंचविशीतली, सरळ बोलणारी मुलगी.

"बुलबुल एक तृतीयांश निघाले," ती म्हणाली. "साळुंक्या निम्म्या. आणि खेरडे सर, तुमचा तो शामा."

खेरडे साहेबांची मान ताठ झाली. शामा हा जंगलातला गाणारा पक्षी, गावात येणं दुर्मीळ. फक्त त्यांच्याच परसात दर हिवाळ्यात तो 'ऐकू' यायचा.

"त्याचा ठसा आमच्या संग्रहातल्या एका जुन्या रेकॉर्डिंगशी शंभर टक्के जुळतो. केरळातलं रेकॉर्डिंग आहे, मी जन्मायच्या आधीचं. तो पक्षी मरूनसुद्धा जमाना झाला, सर. तुम्ही फोनवर आवाज लावून पक्षी बोलावता का?"

सगळी गच्ची हसली. सगळ्यात मोठ्यानं हसली प्रणिता गावंडे.

"साहेब, मेलेल्या पाखराले दाणे टाकत होते काय जी?"

प्रणिता साठीला टेकलेली, फाटक्या तोंडाची, कॉलनीच्या महिला मंडळाची कर्तीधर्ती. तिचं परसही कॉलनीत नावाजलेलं. दिवसातून दोनदा झाडलेलं, एक वाळकं पान सापडणार नाही. तांब्याच्या वाडग्यात ताजं पाणी, टांगलेल्या डब्यात बाजरी. आणि तिच्या मागच्या भिंतीवर दर हिवाळ्यात एक थिरथिरा यायचा. चिमणीएवढा, वरून काळा, खालून भाजलेल्या विटेच्या रंगाचा. बसला की शेपटी अशी थरथरवायचा की जणू आत छोटं यंत्र चालू आहे. हिमालयापलीकडून, ऑक्टोबरात. एवढ्या लांबून तो आपल्या भिंतीवर येतो याचा प्रणिताला जो अभिमान होता, तो तिला स्वतःच्या पोटच्या मुलाच्या इंजिनिअरिंगचाही नव्हता. मुलगा पुण्याला गेला तो फोनपुरता उरला. थिरथिरा न बोलावता यायचा.

"काकू, तुमचाही धागा आहे," शर्वरी म्हणाली आणि तिनं टॅब्लेट पुढे केला. "मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा ठसा एकच. म्हणजे तोच पक्षी परत आलाय."

"पाहा!" प्रणिता खेरडे साहेबांना म्हणाली. "जिता आहे माह्यावाला."

"पण काकू, तो तुमच्याकडे राहत नाही."

नकाशावर गावंड्यांची भिंत काळ्या रेघेनं दाखवली होती. नारिंगी धागा त्या रेघेवर टेकला होता आणि रेघेच्या पलीकडे त्याचा गुंता झाला होता, लोकरीचा गुंडा पडावा तसा. अलीकडे, प्रणिताच्या बाजूला, एकच बारीक फेरा.

"हा फेरा पाण्याचा. तुमच्याकडे तो फक्त पाणी प्यायला उतरतो. थिरथिरा दाणे जवळजवळ खात नाही, किडे खातो. पलीकडे पालापाचोळ्याचा मोठा ढीग आहे ना? पाला कुजताना आतून गरम होतो. थंडीत बाकी सगळीकडचे किडे गारठतात, तिथले जागे असतात. ऑक्टोबरात आला त्या सकाळी तो आधी त्या ढिगावरच उतरला. त्या ढिगासाठीच तो येतो, काकू."

आता गच्चीवर कुणी हसलं नाही. भिंतीपलीकडे कोण राहतं ते सगळ्यांना माहीत होतं. ढिगाची तक्रार कुणी केली तेही माहीत होतं. त्यासाठी पेटी लागत नाही.

पलीकडे रेखा राहायची. प्रणिताची धाकटी जाऊ. धाकटा दीर अचानक गेला, त्याचं वर्षश्राद्ध उरकलं आणि एका परसाची दोन परसं झाली. भिंत घातली ती प्रणिताच्या हट्टानं. नळ अलीकडे राहिला, सकाळचं ऊन पलीकडे गेलं. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. रेखानं नळाचा राग झाडांवर काढला. कडुनिंब, शेवगा, लिंबू, मनाला येईल ते लावलं, आणि पडलेली पानं, भाजीची देठं, लिंबाच्या साली, सगळं कोपऱ्यात लोटत गेली. प्रणितानं त्याला उकिरडा म्हटलं. शहर स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरलं तसा तक्रारीचा ॲप आला, आणि प्रणितानं भिंतीवरून फोन धरून ढिगाचा फोटो काढला. नोटीस लागली. शुक्रवारी ढीग उचलायचा आणि मोकळ्या जागेवर पेव्हर ब्लॉक ठोकायचे.

पेव्हर ब्लॉक हा या देशातल्या शिकलेल्या माणसाचा नवा देव आहे. माती दिसली की त्याला लाज वाटते. जिवंत जमिनीच्या तोंडावर उशी दाबायची, ती गुदमरून मेली की त्यावर कुंडी ठेवायची आणि कुंडीला पर्यावरण म्हणायचं. प्रणितानं हेच मागितलं होतं, आणि मिळत होतं.

घरी येऊन तिनं नवऱ्यापुढे चप्पल आपटली.

"मशीन खोटं बोलते."

विलासराव वाटाणे सोलत होते. "असंन."

"असंन काय? तुम्हाले काहीच वाटत नाही?"

"मले काय वाटायचं? तुले पाखरू पाहिजे, तिचा उकिरडा नाही पाहिजे. आता पाखराची पसंती वेगळी निघाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर बसली. थिरथिरा आला, भिंतीवर बसला, शेपटी थरथरली, टिक् टिक् बोलला आणि पलीकडे बुडी मारून दिसेनासा झाला. इतकी वर्षं ती हे पाहत आली होती आणि दर वेळी तिला वाटायचं, गेला, आता येईल. कुठं गेला हे तिनं कधी विचारलं नव्हतं. भिंतीचा वरचा काठ दिसायचा, तेवढाच पक्षी तिनं ओळखला होता.

तिनं बादली पालथी घातली आणि वर चढली.

ढीग धुमसल्यासारखा वाफाळत होता. थिरथिरा त्यावर पाय रोवून उभा होता. चोच आत, अळी बाहेर, दोन उड्या, परत चोच. भिंतीवरचा तो ऐटबाज पाहुणा इथं चक्क राबत होता. पोटासाठी. आणि ढिगाच्या बाजूला, मोडक्या खुर्चीवर, स्वेटरवर शाल घेऊन रेखा बसली होती. तिनं मान वर केली.

"काय पाहून राहिल्या? फोटो पाहिजे काय अजून?"

इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे. बादली डगमगली. प्रणिता खाली उतरली, उतरली म्हणजे जवळजवळ पडलीच, आणि आत जाऊन पाणी प्यायली.

मग साडी बदलून ती पुढच्या दारानं बाहेर पडली, वळसा घालून रेखाच्या फाटकाशी गेली आणि बेल दाबली. बादलीवर चढून भांडता येतं, मागता येत नाही.

रेखानं दार उघडलं. बसा म्हणाली नाही.

"ढीग राहू दे," प्रणिता म्हणाली.

"मी तं राहूच देत होतो. तुम्ही उचलून राहिल्या."

"ते पाखरू तुह्या ढिगावर जगते."

"माहीत आहे मले. रोज पाहतो. मी ढिगाले पाणी मारतो, तो मागं मागं येते. तुमची पेटी लागायच्या आधीपासून."

"मग गणतीत काऊन नाही टाकलं कधी?"

"कायले? ते काय माह्या बापाचं आहे? आलं, खाल्लं, गेलं."

 

"मी तक्रार मागे घेतो," प्रणिता म्हणाली.

"घ्या नं. पण ढीग मी तुमच्यासाठी काऊन ठेवू? मलेही घूस-उंदराचा तरास आहे. चांगली फरशी मिळून राहिली फुकटात."

"काय पाहिजे तुले? नळ पाहिजे?"

रेखा हसली. "वेगळा नळ मी कधीचाच घेतला. मले खुर्ची पाहिजे."

"कोणती खुर्ची?"

"गुरुवारी तुमच्याकडे हळदीकुंकू आहे. सगळ्या कॉलनीले बोलावता. मले भिंतीवरून हसणं ऐकू येते, अत्तराचा वास येते. मी येणार. पहिल्या खुर्चीवर बसणार. आणि तुम्ही तुमच्या हातानं लावणार. टिकली मी रोज लावतोच, कुंकवाचं कौतुक नाही मले. तुम्ही लावलं पाहिजे, सगळ्यांसमोर."

प्रणिताला काय मागितलंय ते नीट कळलं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाया, बँकेत मॅनेजर असलेल्या बाया, हातातल्या घड्याळाशी बोलणाऱ्या बाया त्या दिवशी तिच्या बैठकीत बसणार होत्या, आणि त्यातल्या एकीलाही नवरा मेलेली बाई पहिल्या खुर्चीवर चालणार नव्हती. छातीतला पक्ष्याचा आवाज ओळखणारं यंत्र निघालं, पण कपाळावरचं हे गोंदण काही जाईना. आणि या महिला मंडळाची पहिली नोंदवही ते पहिलं कुंकू, सगळं प्रणितानंच सुरू केलं होतं. रेखाला न बोलवायचं तिनंच ठरवलं होतं. भिंत नंतरची, खरी भिंत ती.

"पाहतो," म्हणून ती निघाली.

घरी तिनं तक्रारीचा ॲप उघडला. 'तक्रार मागे घेण्याचे कारण निवडा.' समाधान झाले. चुकून केली. इतर. तिनं 'इतर' दाबलं आणि लिहिलं: तो उकिरडा नाही, स्वयंपाकघर आहे. पाठवून दिलं. लगेच उत्तर आलं की आपली सूचना मोलाची आहे. म्हणजे कुणी वाचलं नव्हतं. मग तिनं स्वच्छता विभागात फोन लावला आणि उचलणाऱ्या साहेबाला असं फैलावर घेतलं की त्यानं फोनवर असतानाच नोटीस रद्द केली आणि वर तिची माफी मागितली. कशाबद्दल ते त्यालाही कळलं नसावं.

फोन करणं सोपं होतं. गुरुवार अवघड होता. दोन दिवस ती चिडचिडत होती. विलासरावांनी एकदाच विचारलं, "येऊन राहिली काय ती?" आणि उत्तर न मिळाल्यावर निमूट खुर्च्या पुसायला घेतल्या. पहिली खुर्ची त्यांनी दोनदा पुसली. प्रणितानं ते पाहिलं.

गुरुवारी बैठक भरली. तिळगूळ, गजरे, गुलाबदाणी, वाण म्हणून झाकणाचे डबे. खेरडेबाई पहिल्या खुर्चीकडे निघाल्या तशी प्रणिता म्हणाली, "तिथं नको. ती रेखाची आहे."

रेखा दारातच होती. हिरवी साडी, केसात स्वतःच्याच झाडाचं फूल. सरळ चालत आली आणि बसली.

"अहो प्रणिताताई, पण..." खेरडेबाई हळूच म्हणाल्या. "म्हणजे, बरं दिसतं का ते?"

"कुंकू माह्यं. हात माहा. घर माह्यं. तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं काही नाही हो. रीत असते एक."

"रीत मीच काढली होती या मंडळाची. चुकीची काढली. आता दुरुस्त करतो. तुमच्या साहेबांचा मेलेला शामा पेटीनं दुरुस्त केला नं? तसं."

एकदोघी फिसकन हसल्या. प्रणितानं करंडा उचलला. बोट कुंकवात बुडवलं. रेखानं मान जरा वर केली. डोळे मिटले नाहीत. सरळ प्रणिताकडे पाहत राहिली. प्रणितानं घाईत बोट टेकवलं.

"नीट लावा, ताई," ती म्हणाली. "वाकडं झालं."

प्रणितानं पुसून परत लावलं.

तेवढ्यात मागून काठी वाजली. खेरडेबाईंच्या सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या. सून त्यांना हात धरून आणायची आणि दाराजवळच्या स्टुलावर बसवायची. त्या उठून पुढे आल्या होत्या.

"मंग माह्याच कपाळाले काय काटे आहेत वं? लाव मलेही."

"आई!" खेरडेबाई म्हणाल्या.

"आई काय? बसून बसून पाय दुखले माहे त्या स्टुलावर."

रेखा पटकन उठली आणि तिनं म्हातारीला पहिली खुर्ची दिली. प्रणितानं कुंकू लावलं. मग बैठकीत एकदम इतका गलका झाला की पुढचा अर्धा तास कोण काय बोललं ते कुणालाच आठवत नाही. तीन बाया रागावून लवकर गेल्या. वाण मात्र घेऊन गेल्या.

शनिवारी गणना सुरू झाली. धुकं होतं, ऊन अजून कडुनिंबाच्या शेंड्यावरच होतं. प्रणिता आपल्या ओट्यावर बसलीच नाही. वळसा घालून रेखाच्या परसात गेली. रेखानं मोडकी खुर्ची तिला दिली आणि स्वतः पालथ्या घमेल्यावर बसली.

प्रणितानं फोन काढला. आधी स्वतःच्या परसाची नोंद उघडली. साळुंकी, चिमणी, बुलबुल, आपापल्या जागी भरले. थिरथिऱ्याच्या पुढे तिनं शून्य टाकलं. फोनला ते पटलं नाही. 'मागील सर्व वर्षी आपण १ नोंदवला आहे. खात्री आहे?' तिनं 'होय' दाबलं. बोट क्षणभर तिथंच राहिलं, मग निघालं. आश्चर्य म्हणजे तिला हलकं वाटलं, तंग चोळी सोडल्यासारखं.

"काय लिहिलं?" रेखानं विचारलं.

"शून्य."

"पाणी प्यायले येते नं तुमच्याकडे?"

"आज अजून नाही आला. आला तं टाकीन. तुह्या फोनवर खातं काढ आता."

"कटकट आहे ते."

"काढ म्हटलं नं. एक टाकायचा आहे तुले."

रेखानं कुरकुरत फोन पुढे केला. दोघींनी मिळून नाव टाकलं, घर टाकलं, ढीग टाकायची सोय नव्हती म्हणून प्रणितानं ॲप करणाऱ्यांना शिव्या घातल्या. कडुनिंबावरचं ऊन हळूहळू उतरत ढिगाला लागलं. त्यातून वाफ निघाली. आणि भिंतीवरून, प्रणिताच्या बाजूनं, ओल्या चोचीचा थिरथिरा येऊन ढिगावर उतरला.

"टिक् टिक्," तो म्हणाला.

"घ्या," रेखा कुजबुजली. "पाणी पिऊनच आला. आता?"

प्रणितानं आपला फोन परत उघडला, शून्याकडे पाहिलं आणि बंद केला.

"मी काही पाहिलं नाही," ती म्हणाली. "तू हलू नको. जेवू दे त्याले."